वर्गणी नको, वेळ द्या

२०२४ च्या सप्टेंबरात लेकीकडे लंडनला जाण्याचा योग आला. शहराच्या नैर्ऋत्येस टेडिंग्टन नावाचे टुमदार उपनगर आहे, तेथे तिचे बिऱ्हाड. पोहोचल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी सकाळी आठ वाजता तिने मला बूट घालायला लावले. ‘‘बाबा, चला. आज तुम्हाला पाच किलोमीटर पूर्ण करायचे आहेत.’’ माझे वय एकोणसाठ. वर्षभरापूर्वी रक्तातील साखरेने धोक्याची रेषा ओलांडली आणि डॉक्टरांनी रोज चालण्याची सक्त ताकीद दिली. त्या ताकदीखाली मी घरात चालण्याचे यंत्र आणले होते. पहिला महिना त्यावर मी चाललो. पुढे त्यावर टॉवेल वाळत असत. हे सारे लेकीला ठाऊक होते. म्हणून सबब सांगण्यात अर्थ नव्हता.

दहा मिनिटांच्या अंतरावर बुशी पार्क आहे. हॅम्प्टन कोर्ट या राजवाड्याला लागून असलेले हे अकराशे एकरांचे राजउद्यान. मध्यभागी चेस्टनटच्या जुन्या वृक्षांची सरळ वीथी, दोन्ही बाजूंना नेच्यांची दाट बेटे आणि त्यांतून निर्धास्त हिंडणारी हरणे. उद्यानाच्या गवतावर त्या सकाळी हजाराहून अधिक माणसे जमली होती. कॉलेजातली मुले होती, बाळगाडी ढकलणाऱ्या आया होत्या, सत्तरी ओलांडलेले आजोबा होते आणि अवघडल्यासारखे एका कडेला उभे असलेले माझ्यासारखे नवखेही होते. ना व्यासपीठ, ना प्रमुख पाहुणे, ना दीपप्रज्वलन. नवख्यांना एकीने चार सूचना दिल्या, एकाने साऱ्यांचे स्वागत केले, आणि बरोबर नऊच्या ठोक्याला माणसांचा तो लोंढा निघाला. एक पैसाही कोणी घेतला नव्हता.

तेरा धावपटू, पाच मदतनीस

या उपक्रमाचे नाव ‘पार्करन’. त्याचा जन्म याच उद्यानातला. २ ऑक्टोबर २००४ हा तो दिवस, आपल्याकडे गांधीजयंतीचा. पॉल सिंटन-हेविट हे हौशी धावपटू दुखापतीमुळे धावू शकत नव्हते. धावणे थांबले तरी धावणाऱ्या मित्रांची संगत सुटू नये, म्हणून त्यांनी दर शनिवारी पाच किलोमीटरची एक दौड आखायचे ठरविले. मित्रांनी धावावे, यांनी वेळ मोजावी आणि नंतर सर्वांनी मिळून कॉफी प्यावी, एवढाच बेत. पहिल्या दिवशी तेरा जण धावले आणि पाच जणांनी मदत केली. अंतिम रेषेवर क्रमांक द्यायला हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले, आकडे ठोकलेले लोखंडी वॉशर वापरले गेले. शुल्क ठेवले नाही, बक्षीस ठेवले नाही. पुढच्या शनिवारी मात्र ते पुन्हा जमले, त्याच्या पुढच्या शनिवारीही जमले.

दुसऱ्या ठिकाणी, म्हणजे विम्बल्डनच्या माळावर, ही दौड सुरू व्हायला २००७ साल उजाडावे लागले. दोन वर्षांहून अधिक काळ एकच उद्यान, एकच वाट आणि दर आठवड्याला तीच वेळ! या संथ आरंभाकडे मी आदराने पाहतो. आपल्याकडे एखादा उपक्रम सुरू झाला की दुसऱ्याच महिन्यात त्याचे राज्यव्यापी अधिवेशन भरते आणि तिसऱ्या महिन्यात त्याचा फलक तेवढा शिल्लक उरतो. येथे मूळ आधी जमिनीत गेले आणि फांद्या मागाहून फुटल्या. आज वीसहून अधिक देशांत, दोन हजारांहून अधिक ठिकाणी दर आठवड्याला ही दौड होते. चार ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी रविवारी दोन किलोमीटरची वेगळी दौड असते. माझा नातू तिचा नेमस्त सभासद आहे. २०१७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या कम्ब्रिया परगण्यातील हॅव्हरिग तुरुंगाच्या भिंतींच्या आत कैदी आणि कर्मचारी यांची एकत्र दौड सुरू झाली. २०१८ मध्ये तेथील कुटुंबवैद्यांच्या महाविद्यालयाने या उपक्रमाशी हात मिळविला आणि दवाखान्यांतून रुग्णांना गोळ्यांबरोबर शनिवारच्या सकाळचा पत्ताही मिळू लागला.

शेवटचा कोण?

माझ्या त्या पहिल्या शनिवारकडे पुन्हा वळतो. अर्ध्या किलोमीटरनंतर माझी धाव संपली व चाल सुरू झाली. दोन किलोमीटरनंतर माझ्या मागे कोणी उरले नाही, असे मला वाटले. मागे वळून पाहिले तो एक वयस्क बाई शांतपणे चालत येत होत्या. अंगात स्वयंसेवकाचे उठून दिसणारे जाकीट. निवृत्त शिक्षिका होत्या. मी ओशाळून म्हणालो, ‘‘माझ्यामुळे तुम्हाला उशीर होतो आहे.’’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘‘सर्वांत शेवटी पोहोचणे हेच आज माझे काम आहे. मी शेवटची असल्यामुळे दुसऱ्या कोणाला शेवटचे व्हावे लागत नाही.’’

आयुष्याची तीस वर्षे मी शब्दांच्या व्यवसायात घालविली. समतेवर, समरसतेवर, बंधुभावावर किती भाषणांची वृत्ते लिहिली असतील याची गणती नाही. परंतु समाजातील शेवटच्या माणसाचा मान इतक्या साध्या व्यवस्थेने राखता येतो, हे मला त्या दिवशी प्रथम दिसले. दर शनिवारी, दर ठिकाणी, एक स्वयंसेवक ठरवून सर्वांच्या मागे चालतो. त्याच्या आधी कोणी घड्याळ बंद करीत नाही, कोणी सामान आवरत नाही.

या उपक्रमाच्या इतिहासातील एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. जसजशी वर्षे गेली, तसतशी सहभागी होणाऱ्यांची सरासरी गती कमी होत गेली. एखाद्या क्रीडासंस्थेने हा आकडा लपविला असता. येथे तो अभिमानाने सांगितला जातो. कारण गती घटली याचा अर्थ एवढाच, की जे पूर्वी घराबाहेर पडत नव्हते ते आता येऊ लागले. मोजमाप येथेही आहे. प्रत्येकाची वेळ नोंदली जाते. एकदा नाव नोंदविले की मिळणारी चौकटीची चिठ्ठी, म्हणजे बारकोड, जवळ नसेल तर वेळेची नोंद मिळत नाही, मग तुम्ही कोणीही असा. पण गौरव होतो तो सातत्याचा. पन्नासावी दौड, शंभरावी दौड, अडीचशेवी दौड यांचे कौतुक होते. आणि जितक्या अगत्याने धावलेले शनिवार मोजले जातात, तितक्याच अगत्याने सेवेत घालविलेले शनिवारही मोजले जातात.

बावन्न मिनिटांनी मी रेषा ओलांडली. श्वास परत आला तसा माझ्यातला मध्यमवर्गीय जागा झाला. मी खिशातून वीस पौंडांची नोट काढली आणि त्या बाईंना विचारले, ‘‘देणगीची पेटी कोठे आहे?’’ त्यांनी माझा हात हलकेच मागे सारला. ‘‘पैसे नकोत. पुढच्या शनिवारी येणार असाल तर एका वळणावर उभे राहायला माणूस हवा आहे.’’

नोटेपेक्षा जड काय?

खरे सांगायचे तर त्या क्षणी मला थोडा अपमान वाटला. आणि त्या अपमानाचे मूळ शोधता शोधता मी थेट पुण्यातील माझ्या सोसायटीत जाऊन पोहोचलो. तेथे मी ‘दाता’ म्हणून ओळखला जातो. गणेशोत्सवाची वर्गणी मी पहिल्या दिवशी देतो. रक्तदान शिबिराच्या चहापाण्याचा खर्च मी उचलतो. वस्तीतल्या अभ्यासिकेला पुस्तके देतो. पण मांडवात सतरंजी अंथरायला, शिबिरात खुर्च्या लावायला किंवा अभ्यासिकेत संध्याकाळी तासभर बसायला मला कधी वेळ झाला नाही. अभ्यासिका चालविणारा तरुण दोन वर्षे माझ्याकडे यायचा. ‘‘काका, आठवड्यातून एक तास मुलांना मराठी शिकवाल का?’’ मी दर वेळी हसून पाकीट उघडायचो. तिसऱ्या वर्षी त्याने येणे सोडले, आणि अभ्यासिकाही बंद पडली. पैशाअभावी ती बंद पडली नाही, हे मला पक्के ठाऊक आहे.

वर्गणी ही पुष्कळदा आपण सामाजिक कर्तव्यातून घेतलेली सुटका असते. नोट दिली की आपण मोकळे. नोटेला पहाटे उठावे लागत नाही, पावसात भिजावे लागत नाही, अनोळखी माणसाशी बोलावे लागत नाही. वेळ देणाऱ्याला हे सारे करावे लागते. म्हणून वेळ जड आहे. या साप्ताहिकाच्या वाचकांना ‘स्वयंसेवक’ हा शब्द नवा नाही. पण शब्द ओळखीचा झाला की त्यातील आज्ञा ऐकू येईनाशी होते, हा धोका आपल्यालाही आहे.

पुढच्या शनिवारी मी त्या वळणावर उभा राहिलो. पाऊस भुरभुरत होता. माझे काम एवढेच, की येणाऱ्याला डावीकडची वाट दाखवायची आणि दोन उत्तेजनाचे शब्द बोलायचे. इंग्रजी शब्द लवकरच संपले, तेव्हा मी ‘‘शाबास!’’, ‘‘वा, पोरी!’’ असे मराठीतून सुरू केले. कोणालाही अडचण आली नाही. उलट एका घोळक्यातून ‘‘धन्यवाद, काका!’’ असा स्पष्ट मराठी आवाज आला आणि मी वळून पाहीपर्यंत तो पुढे निघून गेला. त्या वळणावरच्या तासाभरात मला जितके लोक भेटले, तितके आमच्या इमारतीच्या जिन्यात वर्षभरात भेटत नाहीत.

फुकट आणि विनामूल्य

आता या चित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विनामूल्य म्हणजे बिनखर्चाचे नव्हे. या उपक्रमामागे आज एक धर्मादाय संस्था उभी आहे. तिला संगणकयंत्रणा, कर्मचारी, साहित्य यांचा खर्च आहे, आणि तो प्रायोजक, देणग्या व अनुदाने यांतून भागतो. शिवाय ज्या वाटेवरून शेकडो पाय दर आठवड्याला जातात, ती वाट झिजते. ती कोणी दुरुस्त करायची?

हा प्रश्न २०१६ साली ब्रिस्टलजवळच्या स्टोक गिफर्ड या ग्रामपरिषदेने विचारला. लिटल स्टोक उद्यानातील शनिवारच्या दौडीला शुल्क आकारण्याचा ठराव तिने केला. संयोजकांनी शुल्क देण्यास नकार दिला आणि तेथील दौड बंद झाली. देशभर गदारोळ उठला. परिषदेची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. मोजक्या करदात्यांनी राखलेले उद्यान, बाहेरगावाहूनही येणारे धावपटू, आणि दुरुस्तीचा बोजा मात्र गावावर. कोणत्याही नगरसेवकाला हा हिशेब समजेल. तरीही मला संयोजकांचा नकार योग्य वाटतो. एकदा अंतिम रेषेवर तिकीटखिडकी आली की धावणारा ग्राहक होतो आणि स्वयंसेवक बिनपगारी नोकर. मग ग्राहक तक्रार करतो, पैशांचा मोबदला मागतो. वळणावर पावसात उभे राहायला कोणी पुढे येत नाही. वाट दुरुस्त करण्याचे इतर मार्ग आहेत. त्यात श्रमदानही आहे. परंतु तुटलेले नाते पुन्हा जोडायला कोणत्याही परिषदेच्या अंदाजपत्रकात तरतूद नसते.

आपल्याकडे याच २००४ साली, १५ फेब्रुवारीला, मुंबईची मोठी मॅरेथॉन सुरू झाली. तिने महाराष्ट्राला धावण्याची गोडी लावली, अनेक सामाजिक संस्थांना निधी मिळवून दिला, हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. तिच्या पाठोपाठ गावोगावी दौडी निघाल्या. परंतु प्रवेशशुल्क, पदक, छापील सदरा आणि छायाचित्र या चौकटीत आपले धावणे अडकत चालले आहे. वर्षातून एका रविवारी सण साजरा होतो आणि उरलेले एक्कावन्न रविवार बूट कपाटात राहतात. चार जणांच्या कुटुंबाला अशा एका दौडीचा खर्च परवडत नसेल, तर त्या कुटुंबाने धावूच नये काय? घरकाम करणाऱ्या मावशींची मुलगी धावण्यात हुशार निघाली, तर तिने कोणत्या खिडकीवर जायचे?

हे आपल्याकडे होतेच की!

असे काही लिहिले की एक उत्तर ठरलेले असते. ‘‘यात नवे ते काय? हे आपल्याकडे पूर्वापार आहे.’’ आहे, नि:संशय आहे. समर्थांनी मारुतीची स्थापना केली, त्या मारुतीच्या साक्षीने गावोगावी तालमी घुमल्या. तालमीत शुल्क नव्हते. माती कालवायची, पाणी मारायचे, धाकट्याला डाव शिकवायचा, हीच वर्गणी. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले, आणि त्या मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतुतूसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. पंढरीच्या वारीत लक्षावधी लोक शेकडो वर्षे चालत आहेत. तेथे कोणी पहिला येत नाही, कोणी शेवटचा येत नाही. वाटेवरच्या गावांत पाणी देणारा आणि पाय चेपून देणारा स्वत:ला दाता म्हणवत नाही.

हे सारे खरे. पण ‘होते’ या क्रियापदावर किती दिवस जगायचे? आपल्या पेठेतील तालमीचे आज काय झाले आहे, हे वाचकांनी एकदा जाऊन पाहावे. पुष्कळ ठिकाणी तालमीचे नाव मंडळाला उरले आहे आणि माती गेली आहे. शेजारच्या काचेच्या व्यायामशाळेत तरुण महिन्याचे हजारो रुपये भरतो आणि कानांत तारा घालून, कोणाकडेही न पाहता, घाम गाळून घरी जातो. शरीर घडते, समाज घडत नाही. मैदानांची स्थिती तर आणखी कठीण. आज प्रदर्शन, उद्या लग्नाचा मांडव, परवा वाहनतळ. इंग्रजांच्या उद्यानाचे गोडवे गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपल्या घरात पूर्वी पेटलेला दिवा दुसऱ्याच्या घरात जळताना दिसला, तर आपण आपल्या दिव्यातील तेल तपासावे, एवढेच म्हणणे.

आणि नक्कलही नको. तेथे शनिवारी नऊ वाजता गारवा असतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये नऊ वाजता डांबर वितळते. तेथे रस्त्यावर धावणाऱ्या बाईकडे कोणी वळून पाहत नाही. आपल्याकडे अनेक भगिनी त्या एका नजरेपायी घराबाहेर पडत नाहीत. म्हणूनच आपल्या उपक्रमात स्त्रियांचा घोळका, ज्येष्ठांसाठी चालण्याची सोय आणि सूर्य वर येण्याआधीची वेळ यांचा विचार प्रथम व्हायला हवा. घ्यायची ती त्यातील तीन सूत्रे: वेळ न चुकणे, शुल्क न घेणे आणि शेवटच्या माणसाची वाट पाहणे.

तिसरा रविवार

परत आल्यावर मी काय केले, हे सांगितल्याशिवाय लेख संपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी साडेसहा वाजता आमच्या सोसायटीजवळच्या महापालिकेच्या मैदानावर आम्ही जमलो. नाव नाही, फलक नाही. मैदानाच्या चार फेऱ्या, ज्याला जमेल त्याने धावावे, ज्याला जमेल त्याने चालावे. पहिल्या रविवारी नऊ जण आले, दुसऱ्या रविवारी पाच. तिसऱ्या रविवारी कडाक्याची थंडी होती. मैदानावर मी आणि सोसायटीचा रात्रपाळी संपवून निघालेला पहारेकरी, असे दोघेच. परत फिरावेसे वाटले. परंतु त्या शिक्षिकेचे वाक्य आठवले आणि आम्ही दोघांनी चार फेऱ्या पुऱ्या केल्या. फेऱ्या मारता मारता मला कळले, की त्याची मुलगी सातवीत आहे आणि मराठीत मागे आहे. सहा वर्षे तो माझ्यासाठी फाटक उघडत होता. हे विचारायला मला मैदानावर यावे लागले.

आज आमचा आकडा दहाच्या पुढे-मागे असतो. कधी वाढतो, कधी रोडावतो. ती मुलगी रविवारी वडिलांबरोबर येते, सर्वांच्या पुढे पळते आणि फेऱ्या संपल्यावर मैदानाच्या कट्ट्यावर बसून माझ्याकडे मराठीचे व्याकरण शिकते. माझी साखर उतरली आहे, पण डॉक्टरांच्या कागदापेक्षा मला त्या तासाचे मोल अधिक वाटते. जो तास मी अभ्यासिकेच्या त्या तरुणाला दोन वर्षे नाकारला, तो आता कोठे मी फेडू लागलो आहे. तो तरुण मला अजून भेटलेला नाही; भेटल्यावर त्याची क्षमा मागायची आहे.

वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. आपल्या वस्तीत मैदान असेल, उद्यान असेल, निदान रहदारी नसलेला एखादा रस्ता असेल. आठवड्यातील एक सकाळ, एक ठरलेली वेळ निश्चित करावी आणि ती चुकवू नये. वर्गणीचे पुस्तक छापू नये, उद्घाटनाला कोणाला बोलावू नये. दोघे जण पुरेत. एकाने पुढे जावे, दुसऱ्याने मागे थांबून शेवटच्या माणसाबरोबर यावे. पुढचा रविवार चार दिवसांवर आहे. बूट आजच कपाटाबाहेर काढून ठेवावेत.